थ्री गॉर्जेसमुळे पृथ्वी मंदावली? खुलासा

चीनमधल्या यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाने पृथ्वीचं फिरणं मंदावलं, म्हणून हवामान बिघडलं, असा मेसेज फिरतोय. पहिला भाग निव्वळ थाप नाही, म्हणूनच तो पसरतो.

2005 मध्ये नासाचे शास्त्रज्ञ बेंजामिन चाओ यांनी हिशेब मांडला होता. सुमारे 40 घन किलोमीटर पाणी 175 मीटर उंचीवर साठलं, तर दिवस 0.06 मायक्रोसेकंदाने वाढेल. वस्तुमान आसापासून लांब गेलं की फिरणं मंदावतं, गिरकी घेताना हात पसरल्यावर होतं तसं. पण आकडा बघा: सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचाही सोळावा-सतरावा हिस्सा! वाऱ्यांच्या हंगामी बदलांनी दिवसाची लांबी याच्या हजारो पट हलते, आणि त्याची कुणाला खबरही नसते. शिवाय जलाशय कायम भरलेला नसतो. पुराच्या हंगामाआधी पातळी 175 वरून 145 मीटरपर्यंत उतरवतात, म्हणजे हा चिमुकला परिणामही दरवर्षी कमी-जास्त होतो.

हवामानाचा संबंध मात्र मेसेज लिहिणाऱ्याने पदरचा जोडलाय. चाओ यांच्या हिशेबात तो कुठेच नाही. धरणावर बोट ठेवायचंच तर विस्थापित झालेली दहा लाखांहून अधिक माणसं आहेत, काठावरच्या दरडी आहेत.