‘जड स्टिअरिंग हाच त्या गाडीचा स्वभाव’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवल्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. त्यात राग आहे, पण तो गाडीच्या प्रेमापोटी आहे हे कळतं. म्हणूनच नुसते आभार मानून मोकळं व्हावंसं वाटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्टिअरिंग जड होणं हे दुखणं आहे आणि मूळ न शोधता मी मोटर लावून वेदनाशामक गोळी दिली, जुन्या स्टिअरिंग बॉक्सवर (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या गिअरच्या पेटीवर) मोटरचा जोर टाकून मी तो मारणार आहे, गाडीची रस्त्याशी असलेली बोलाचाली संपली, ऐन वळणावर वीज गेली तर गाडी हातात राहणार नाही, आणि मूळ कॉलम, म्हणजे स्टिअरिंगपासून बॉक्सपर्यंत जाणारा दांडा, कापून मी एक चांगली गाडी कायमची बिघडवली. शेवटी तुम्ही लिहिलंय, “जड स्टिअरिंग हाच त्या गाडीचा स्वभाव आहे. झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या.”

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. गाडी माझी नाही, आईची आहे. १९५४ची ब्रिटिश बनावटीची सलून, म्हणजे बंद टपाची गाडी, आजोबांनी घेतलेली. आई हिच्यावरच चालवायला शिकली. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला स्टिअरिंग ओढवेना. सहा वर्षं ती शेजारच्या सीटवर बसत होती आणि मी चालवत होतो. प्रत्येक वेळी गाडी लावताना मला जोर करताना पाहून तिचा उजवा हात आपसूक मांडीवरून उचलला जायचा. ते पाहिल्यावर ‘दुसऱ्याला द्या’ हा पर्याय माझ्यासाठी उरलाच नाही. मूळ लेखात हे मी लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं, कारण सगळ्या निर्णयाचं मूळ तिथेच आहे.

आता वेदनाशामक गोळीबद्दल. तुमचा हा आक्षेप सगळ्यांत मोलाचा आहे आणि तत्त्व म्हणून मला शंभर टक्के मान्य आहे. जड स्टिअरिंगवर थेट मोटर लावणं चूकच. पण मी तसं केलं नाही. मोटर यायच्या आधी वर्षभराचं काम झालं होतं. लेखात त्याची एका ओळीत बोळवण केली, ही माझी चूक. ती इथे भरून काढतो.

पहिल्या दिवशी साधा स्प्रिंगचा काटा घेतला. गाडी गुळगुळीत काँक्रीटवर, चाकं सरळ, इंजिन बंद. काट्याचा हूक स्टिअरिंगच्या कडेला, आऱ्याच्या टोकाशी अडकवला आणि वर्तुळाला स्पर्शरेषेत ओढत गेलो. स्टिअरिंग हलायला लागलं तेव्हा काट्यावर २१ किलो होते. मग पुढची बाजू जॅकवर उचलून तेच मोजलं. हवेतल्या चाकांना जमिनीचं घर्षण नसतं, त्यामुळे तिथे जो आकडा येतो तो निव्वळ गाडीच्या सांध्यांचा. तो यायला हवा होता किलोभर. आला साडेतीन. म्हणजे दोष सांध्यांत होताच.

ड्रॅग लिंक आणि टायरॉड, म्हणजे स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे, सोडवून एकेक चाक हाताने वळवून पाहिलं. उजवं सहज फिरलं. डावं करकरत, अडत अडत. किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं ती, काढली तेव्हा खालच्या थ्रस्ट वॉशरवर ग्रीस नव्हतंच, गंजाच्या रंगाची कोरडी पूड होती. निपलमधून ग्रीस तर नेमाने मारलं जात होतं. पण ते नेहमी गाडी जमिनीवर उभी असतानाच. तेव्हा सगळं वजन त्या वॉशरवर दाबलेलं असतं आणि ग्रीस तिथवर पोहोचतच नाही, वरच्या वाटेने बाहेर पडतं. किंगपिन असलेली गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना कळकळीने सांगतो: चाक उचलून, वजन काढून ग्रीस मारा आणि मारता मारता चाक दोन्हीकडे वळवत राहा. नवीन बुश, नवीन पिना, आणि काटा १७ वर आला.

पुढे टायर. आधी कुणीतरी मूळ मापापेक्षा रुंद रेडियल चढवले होते. उभ्या गाडीचं चाक वळवताना रबर जमिनीवर घासत फिरतं, त्यामुळे रुंदीचा भार थेट हातावर येतो. मूळ रुंदीचे टायर घातले, हवा नीट भरली: १४. मग स्टिअरिंग बॉक्स. तो वर्म (आटे पाडलेला दांडा) आणि रोलरचा (त्या आट्यांत फिरणारी चकती). असे बॉक्स मधोमध जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. मधला प्ले (सैलपणा) घालवायला कुणीतरी वरचा स्क्रू आवळून ठेवला होता. मध्ये छान वाटायचं, पण अर्ध्या वळणावर, जिथे झीज नाही, तिथे बॉक्स आवळून बसायचा. झिजलेला वर्म आणि रोलर बदलले, तेल नवीन, सेटिंग नव्याने केलं. शेवटी काटा १२ वर थांबला. त्याच्याखाली काही केल्या जाईना.

हा १२ किलोचा आकडा म्हणजे तुम्ही म्हणता तो स्वभाव. निरोगी गाडीचा खरा स्वभाव. तो मला आवडतो. पण डॉक्टरांशी बोलून आणि आईच्या हातात तोच काटा देऊन पाहिल्यावर तिची मर्यादा पाच किलोची निघाली. बारा आणि पाच यांच्यामधली दरी ग्रीसने भरून निघत नाही. मोटर तिथे आली.

स्टिअरिंग बॉक्सचा मुद्दा. अनेकांना तुमच्यासारखंच वाटतं, म्हणून नीट मांडतो. कॉलमवर बसणाऱ्या या यंत्रात मधोमध एक बारीक टॉर्शन बार असतो. तुम्ही स्टिअरिंग वळवलंत की तो काही अंशात पिळतो, सेन्सर ती पीळ मोजतो, कंट्रोलर त्या प्रमाणात मोटरला करंट देतो आणि मोटर वर्म गिअरमधून कॉलमच्या खालच्या दांड्याला जोर देते. म्हणजे बॉक्सला मिळणारा जोर तुमचा आणि मोटरचा मिळून. पण एकूण जोर किती लागणार हे ठरवतो टायर. चाक वळायला जेवढा जोर लागतो तेवढा लागला की चाक वळतं, मग तो खांद्यातून आला काय किंवा मोटरमधून आला काय. काट्यावर १२ किलो असताना २१ सेंटिमीटर त्रिज्येच्या स्टिअरिंगवर कॉलममध्ये साधारण २५ न्यूटन मीटर पीळ येतो. आधी २१ किलो होते तेव्हा तोच ४३ च्या आसपास होता. म्हणजे आज हा बॉक्स दुरुस्तीआधीपेक्षा कमीच सोसतोय.

तरीही तुमच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. चाक फुटपाथच्या कडेला टेकलंय किंवा स्टिअरिंग शेवटच्या टोकाला गेलंय आणि तरी आपण वळवतोय, अशा वेळी टायर मर्यादा घालत नाही. पूर्वी हात थकायचे आणि माणूस थांबायचा. मोटर थकत नाही. तिथे बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म आणि रोलर यांच्यावर त्यांनी कधी न पाहिलेला भार येऊ शकतो. म्हणून कमाल मदत मी मुद्दाम खाली बांधली आहे: उभ्या गाडीत काटा चारच्या खाली जात नाही. याहून हलकं सहज करता आलं असतं. आणि आईला सांगितलंय की गाडी किंचित सरकती ठेवूनच वळव. ती तशीच वळवते, कारण आजोबांनी तिला तेच शिकवलं होतं.

एक गोष्ट कुणीच विचारली नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी तिची होती. मोटर दांड्याला जेवढा पीळ देते, तेवढाच उलटा पीळ तिच्या स्वतःच्या घरावर (बाहेरच्या कवचावर) येतो. डॅशबोर्डखालच्या पातळ पत्र्याला ते घर अडकवलं तर पत्रा हळूहळू थकतो, तडकतो. आमचा ब्रॅकेट थेट बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या) मजबुतीकरणाला आणि बाजूच्या खांबाला बांधलाय.

वीज गेली तर? स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामधला लोखंडी धागा कुठेही तुटलेला नाही. टॉर्शन बारला ठरावीक अंशांनंतर अटकाव असतो. त्याच्यापुढे तुम्ही सरळ दांडाच फिरवत असता. मदत गेली तर गाडी पुन्हा १९५४ची होते, एवढंच. मोटरही सोबत फिरवावी लागते म्हणून १२ चे १३ किलो होतात, तेही उभ्या गाडीत. मोकळ्या मैदानावर ताशी २० किलोमीटरला वळणात असताना मी शेजारून पुरवठा तोडला. आईने गाडी वळणातून बाहेर काढली. तिला जोर लागला, दुखलंही, पण गाडी तिच्या हातात होती. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा स्टिअरिंगविषयीचा नियम क्रमांक ७९ आहे. प्रवासी गाडीची मदत बंद पडल्यावर ताशी १० किलोमीटरच्या वळणात कडेवर ३० डेकान्यूटनपर्यंत, म्हणजे जवळपास ३० किलो, जोर तो चालवून घेतो. आम्ही त्याच्या पुष्कळ आत आहोत. उलट बाजूचा धोका, म्हणजे मोटरने आपणहून ओढणं, तो टाळायला सेन्सरच्या दोन वेगळ्या वाटा असतात. त्यांचं एकमेकींशी जुळलं नाही की कंट्रोलर रिले सोडून मोटर तोडतो.

जुन्या वायरिंगला ही मोटर झेपणार नाही, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. लुकास कंपनीचा सी४० डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरून वीज देणारं यंत्र, साधारण २२ अँपिअर देतो, तेही इंजिन पळत असताना. गाडी लावताना इंजिन मंद असतं, डायनॅमो जवळपास काही देत नाही आणि नेमकं तेव्हाच ही मोटर काही क्षण ४० च्या वर खेचते. व्होल्टेज फार पडलं की मदत जाते. शिवाय गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, आणि हा कंट्रोलर तसा जोडला तर जागीच जळेल. म्हणून गाडी निगेटिव्ह अर्थ केली आणि डायनॅमोच्याच आकाराच्या कवचातला अल्टरनेटर बसवला. मोटरची जाड वायर बॅटरीवरून स्वतंत्र आणली आणि तिचा फ्यूज बॅटरीला लागूनच ठेवला. डायनॅमो आणि त्याचा रेग्युलेटर जपून ठेवले आहेत. केवळ मोटर मागवून जुन्या वायरिंगवर चढवायच्या बेतात कुणी असेल तर कृपया थांबा.

बोलाचालीचा मुद्दा. इथे मी हरलो, निदान सुरुवातीला. वेगाचा सिग्नल न मिळाल्यामुळे पहिले काही आठवडे यंत्र एका ठरावीक मदतीवर चालत होतं. गल्लीत छान, पण ताशी ७० ला गाडी तरंगल्यासारखी वाटायची आणि वळणातून बाहेर पडताना चाक आळसटून परतायचं. मग स्पीडोमीटरच्या केबलमध्ये पल्स देणारा छोटा सेन्सर घातला. आता वेग वाढत जाईल तशी मदत उतरते आणि ५० च्या पुढे नावापुरती राहते. खडबडीत रस्ता पुन्हा तळहाताला कळतो. तरी चाकाचं परतणं पूर्वीपेक्षा किंचित संथ आहे, कारण मोटर आणि वर्म गिअरचं घर्षण मध्ये आहेच. हे मी लपवणार नाही.

आता कापलेला कॉलम. लेखातल्या फोटोतला कॉलम आमच्या गाडीचा नाही. तो त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचा, मापं घ्यायला कापलेला. फोटोखाली तसं लिहिलं नव्हतं, त्यामुळे तुमचा गैरसमज होणं साहजिक आहे. ओळ आज घालतो. आमचा कॉलम अखंड आहे, तेल लावून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवलाय. नवीन दांडा स्प्लाइन (लांबीच्या दिशेने खाचा) पाडून करून घेतला, कुठेही वेल्डिंग नाही. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, फिव्हाने, २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिनची सनद हेच सांगते: वापरासाठी बदल करावे लागले तर ते उलटवता येतील असे करा आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत सांभाळा. बाकी, ‘व्हिंटेज’ हा शब्द काटेकोर अर्थाने १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांना लागतो हेही तुम्ही दाखवून दिलंत. शीर्षक बदलतो.

एक नुकसान मात्र खरं झालंय, आणि तुम्ही ते नोंदवलं नव्हतं. या गाडीच्या कॉलमच्या पोटातून एक लांब नळी जाते, स्टिअरिंगच्या मध्यापासून थेट बॉक्सच्या पुढच्या टोकापर्यंत. हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरी तिच्यातून जातात. स्टिअरिंग फिरतं, पण ती नळी आणि तिच्या डोक्यावरची कळ जागची हलत नाही. मधोमध टॉर्शन बार आल्यावर नळीला वाटच उरली नाही. आता वायरी स्लिप रिंगवरून, म्हणजे फिरतानाही संपर्क ठेवणाऱ्या कड्यांवरून, जातात आणि इंडिकेटरची कळ स्टिअरिंगबरोबर फिरते. आईचा अंगठा अजूनही वळणात तिला जुन्या जागी शोधतो.

सगळं परत मूळपदावर आणता येतं का, असं तुम्ही विचारलंत. मागच्या महिन्यात करून पाहिलं: कॉलम, नळी, ब्रॅकेटचे बोल्ट, सगळं. सकाळी सुरू केलं, दिवेलागणीला गाडी जुन्या स्टिअरिंगवर उभी होती. अल्टरनेटर आणि अर्थची दिशा तेवढी तशीच ठेवली, ते आणखी एका दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशी आईने चावी मागितली, म्हणून मोटर पुन्हा चढवली.