श्रेयांक कॉलेजचे, हंगाम गावाचा

लातूरला औसा रोडवर आमचा कट्टा संध्याकाळी भरतो. परवा विषय निघाला तो मास्तरच्या भाच्यामुळे. पोरगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात त्याला समुदाय सहभागाचा विषय आहे, म्हणजे मुलांच्या भाषेत सीईपी. दोन क्रेडिट, साठ तास.

"मामा, निम्मी मुलं बॅनर धरून फोटो काढतात, सरपंचांचा सही-शिक्का आणतात आणि फाइल जमा करतात. मार्कांसाठी केली ती सेवा कसली?"

मास्तर स्वतः कॉलेजात शिकवतो, त्यामुळे त्याला हे लागलंच. "एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, 1969 पासून आहे. एका युनिटला शंभर मुलं, वर्षाला 120 तास, वर सात दिवसांचं शिबिर. पण त्यात आवड असणारीच मुलं यायची. बाकीची तीन वर्षं शिकून बाहेर पडली, तरी शेजारच्या वस्तीत नळाला किती दिवसांनी पाणी येतं याचा त्यांना पत्ता नसायचा. 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयानं हे काम पदवीच्या आराखड्यातच घातलं. बरंच केलं म्हणतो मी. मार्क नसले तर किती जण येतील, ते तूच सांग."

भाचा गप्प बसला. मास्तरचं हे म्हणणं मलाही पटतं. इंग्रजीचा पेपर सक्तीचा असतो तेव्हा कुणी तक्रार करत नाही, मग इथंच का?

पण आबा बोलले आणि चर्चेचा नूरच बदलला. आबांची शेती इथून जवळच्याच एका गावात आहे. "मार्क द्या न्हाईतर देऊ नका, आमचं काय जातंय? पण पोरं येतात कधी, ते बगा की. आमच्याकडं एका कॉलेजचं शिबिर आलतं. लेकरं गुणाची. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली, तोंडं शिवली, ओढ्यात आडव्या लावल्या. वनराई बंधारा असा बांधला की बगत राहावं. पण जानेवारीत! ओढा कवाच आटलेला. अडवायला पाणी कुठाय? हेच काम पाऊस उघडल्यावर, ओढा वाहता असताना केलं असतं, तर हरभऱ्याला एक पाणी मिळालं असतं."

"परीक्षा संपल्याशिवाय मुलांना कसं सोडणार, आबा?" मास्तर म्हणाला.

"मग बंधारा कशाला बांधता? जानेवारीत करण्यासारखी दुसरी कामं हायेत की. आम्हाला इचारलं का कुणी?"

यावर मास्तरकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, सगळ्या वादाचा गाभा इथंच आहे. काम काय आणि कधी, हे कॉलेजचं वेळापत्रक ठरवतं. गावाच्या वाट्याला येतो तो फक्त सही-शिक्का.

आबांनीच मग दुसरी बाजूही सांगितली. कृषी महाविद्यालयाची मुलं 'रावे'साठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात राहायला येतात, त्यांना कृषिदूत म्हणतात. त्यातल्या एकानं आबांच्या अंगणात ताडपत्रीवर हरभऱ्याचं बियाणं पसरलं, किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी मित्रबुरशी) चोळलं आणि सावलीत सुकवलं. चार ओळी मुद्दाम बिनप्रक्रियेच्या ठेवल्या. पुढे मर रोग दिसायला लागला तेव्हा तो परत आला, ओळीत बसून वाळलेली झाडं मोजली आणि दोन्हीकडचे आकडे आबांच्याच वहीत लिहून दिले. आबा तेव्हापासून दरवर्षी बीजप्रक्रिया करतात.

"कारण ते त्याच्या अभ्यासातलंच काम होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या. ते कॉलेजही 1969 चंच, गांधी जन्मशताब्दीचं वर्ष. तिथं प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी विद्यार्थी तिथं शिबिराला राहतात, प्रत्येकाला काही कुटुंबं नेमून दिलेली असतात आणि शिबिर उरकलं तरी त्याच घरी जात राहायचं असतं. "पहिल्या खेपेला बाई काहीच सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला चुलीपाशी बसवते आणि मग सांगते, गोळ्या दिल्यात पण मी घेत नाही, मळमळतं. हे साठ तासांच्या सर्वेक्षणात कधी कळणार?"

भाच्यानं विचारलं, "पण बी.ए.वाल्यानं काय करायचं? आमच्याकडे ना औषध, ना बियाणं."

मी म्हटलं, तुझा विषय भूगोल आहे ना? ज्या शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं भूगोलाच्या मुलाला काम शोधावं लागतं? एक गाव धरा. ठरावीक विहिरींची पाणीपातळी मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळ्यानंतर मोजा. टेप आणि वही पुरे. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच विहिरी मोजायच्या आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचे. पाच वर्षांत गावाकडे स्वतःचा हिशेब तयार होतो. प्लास्टिक गोळा करायला पदवीचा अभ्यासक्रम कशाला हवा?

मास्तर आता जरा निवळला होता. "15 ऑगस्टच्या ग्रामसभेला आम्हीच येतो," तो आबांना म्हणाला. "कामांची यादी तिथं करू. बंधारा हवा असेल तर 2 ऑक्टोबरनंतर लगेच. आठवड्यातून एक दिवस मोकळा ठेवायला प्राचार्यांना सांगून बघतो. तास सत्रभर वाटून दिले तर नियमात बसतं."

"आणि मार्क कोण देणार?" भाच्याचं तेच.

आबा म्हणाले, गावानं. डॉक्टरीणबाईंनी ठाम नकार दिला. गावातल्या गटातटांत मुलं भरडली जातील, मार्क शिक्षकानंच द्यावेत, पण मुलानं अहवाल गावात उभं राहून वाचून दाखवल्याशिवाय देऊ नयेत. आबांना ते पटलं नाही. पोरगा कसा वागला हे गावाइतकं मास्तरला काय कळणार, यावर ते अडून बसले. मी डॉक्टरीणबाईंच्या बाजूनं होतो, मास्तर दोघांच्या मध्ये. टपरीवाल्यानं शटर ओढलं तरी हा मुद्दा काही मिटला नव्हता.