परदेशातून: तिसऱ्या मजल्यावरचा वास

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एकच विषय चाललाय, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मासे खाणाऱ्या फॅमिलीला भाड्याने द्यायचा की नाही. लिफ्ट महिनाभर बंद होती तेव्हा एवढे मेसेज नव्हते आले. २०२५ ला १५ ऑगस्टला मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश कल्याण-डोंबिवलीत निघाला तेव्हाही ग्रुप असाच पेटला होता, पण तेव्हा शिव्या घालायला महापालिका तरी होती, आता आपापसातच.

हे सगळं मी वाचत होतो न्यूयॉर्कच्या अॅस्टोरियात, स्टाइनवे स्ट्रीटवर. २८ व्या अॅव्हेन्यूच्या पुढे गेलं की हुक्क्याची दुकानं, मशीद, बेकऱ्या, सगळं इजिप्तच. त्यातलं हे सात टेबलांचं हॉटेल. दारातच बर्फावर मासे मांडलेले, बोट दाखवायचं, तो वजन करणार आणि विचारणार कसा हवा. मी नेहमी अलेक्झांड्रियावाल्यांसारखा घेतो, गव्हाचा कोंडा लावून अख्खा भाजलेला, कातडी पार काळीठिक्कर आणि आत पांढराशुभ्र लुसलुशीत, सोबत कांदा काळपट होईस्तोवर परतून केलेला तपकिरी भात. बायको कोशरी मागवते. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा सॉस आणि कुरकुरीत कांदा. ही आपल्या खिचडीची नातेवाईक म्हणतात, इब्न बतूतानं १४ व्या शतकात आपल्याकडच्या मूग-तांदळाच्या 'किश्री'बद्दल लिहून ठेवलंय. हे ग्रुपवर टाकलं तर "बघा, मूळ आपलंच" म्हणून तीस अंगठे येतील. माशाचा फोटो टाकून बघा.

वेटर कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधला ख्रिश्चन. ईस्टरच्या आधीचा उपास म्हणजे मांस, दूध, अंडं, मासा काहीच नाही, आपल्या एकादशी दुप्पट खाशीसारखं नाही. दिवसभर लोकांना मासे वाढतो आणि स्वतः कोपऱ्यात फूल खातो, म्हणजे वालासारख्या मोठ्या बियांची मऊ शिजवलेली उसळ, पावाबरोबर. मालक मुसलमान, तो रमझानात थेंबभर पाणी न पिता दुपारी गिऱ्हाइकांना जेवू घालतो. कुणी कुणाला नाक मुरडत नाही. च्यायला, हे आपल्याला का जमत नाही, असं मी त्या वेटरला जरा तावातावानेच ऐकवलं, आमच्याकडे माशावरून घर नाकारतात वगैरे. त्याने टेबल पुसता पुसता म्हटलं, "हबीबी, माझ्या गावचं विचारू नको." आणि पाणी आणायला गेला.

मग माझा मासा जरा गारच झाला.

कारण तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आमचाच आहे. त्याच स्वयंपाकघरात आई दर बुधवार-रविवारी मांदेली तळायची आणि शेजारच्या काकू नाक मुरडायच्या सोडून वाटी घेऊन यायच्या. दोन वर्षांपूर्वी एजंटने फोनवर विचारलं, "दादा, व्हेज फॅमिलीच बघू ना, कटकट नको", तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा झाले होते, मी झोपेत "हो" म्हणालो आणि कूस बदलली. यंदा पहिल्यांदा म्हटलं की कुणीही चालेल, तर ग्रुपवर "तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस". यावर उत्तर नाहीये माझ्याकडे, म्हणजे बरोबर असलेलं उत्तर नाहीये.

आणि इथलं तरी काय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली आणि सुपर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल बघणारा माणूस, दारात येऊन उभा राहिला, अगदी हसत, "एव्हरीथिंग ओके?" करत, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात मासा तळलेला नाही. साध्या हिंगाच्या फोडणीलासुद्धा जानेवारीत खिडकी उघडून कुडकुडत उभे राहतो आम्ही. मासा खायचा तर ट्रेन पकडून इकडे यायचं.

निघताना सेक्रेटरी काकांचा मेसेज, "तुमच्या अमेरिकेत चालतं का रे हे सगळं बिल्डिंगमध्ये?"

"हो काका, सर्रास," मी टाईप केलं आणि पाठवूनही टाकलं. मग उरलेल्या माशाच्या पार्सलसाठी वेटरकडे दुसरी पिशवी मागितली, लॉबीत वास यायला नको म्हणून घट्ट गाठ मारली.