बँडवॅगन, गंगा आणि खोबरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

'काका, शब्दकोश उघडायची तसदी घेतली असती तर "जंप ऑन द बँडवॅगन"ला "वाहत्या गंगेत हात धुणे" म्हटलं नसतंत. गंगेत संधी असते, बँडवॅगनवर गर्दी. "खोबरं तिकडं चांगभलं" म्हणा,' असं आपण माझ्या लेखाखाली लिहिलंत. ("जंप ऑन द बँडवॅगन" म्हणजे सरशी दिसेल त्या बाजूला जाऊन मिळणं.)

काका कोणाचा? आपली ओळख नाही. आणि तसदीचं म्हणाल, तर मी सत्तावीस वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलंय. मुद्दा टोमण्याशिवायही मांडता येतो.

एक मान्य. अमेरिकन सर्कसवाल्या बार्नमच्या आत्मचरित्राचं साल १८५५. लेखात माझ्याकडून १९५५ पडलं. दुरुस्त केलंय.

आता गंगा. सर्कस गावात शिरायची ती मिरवणुकीने, त्यात कोरीव, सोनेरी मुलाम्याचा गाडा आणि त्यावर वाजंत्री. तोच बँडवॅगन. बार्नम अँड बेली सर्कशीच्या १९०३च्या एका गाड्याला तर चाळीस घोडे जुंपले होते! पुढे अमेरिकेतल्या पुढाऱ्यांनी प्रचारालाही असले गाडे काढले. थिओडोर रूझवेल्ट (पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तो) १८९९ साली एका पत्रात लिहितो की, बहुमताची खात्री झाल्यावर मंडळी एकमेकांवर पडत-झडत बँडवॅगनवर चढली. ती काय बँड ऐकायला?

आमच्या सांगलीकडचंच सांगतो. मतमोजणीची ड्युटी आटोपून बाहेर आलो, तर शेजारचे एक गृहस्थ विजयी उमेदवाराच्या टेम्पोवर नाचत होते. सकाळी त्यांच्या छातीवर हरलेल्या उमेदवाराचा बिल्ला होता. आता नुसती पिनेची दोन भोकं, त्यांत गुलाल भरलेला. आठवड्याने गल्लीत बोअर पडली, ती बरोबर त्यांच्या दारात. ही गर्दी की संधी, तुम्हीच ठरवा. आणि लाभाचा संबंधच नसेल, तर तुमच्या म्हणीत खोबरं कशाला?

'लोक नुसते बघून बघून मतं देतात, त्या बँडवॅगन इफेक्टवर एक ओळ नाही', 'लेख पाल्हाळिक', 'फोटो धूसर' वगैरेही आपण लिहिलंत. असो. तो विषयच नव्हता, आणि फोटो माझ्या मोबाइलचा आहे.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही, राहू दे. तिच्याखाली अकरा जणांनी 'अगदी सहमत' लिहिलंय. त्यातल्या एकानेही १९५५ची चूक पकडली नाही. लेख उघडला तरी होता का त्यांनी?