विमानात धावून जाणाऱ्या डॉक्टरसाठी एक कलम हवे

‘विमानात कोणी डॉक्टर असल्यास कृपया कर्मचाऱ्यांशी संपर्क साधावा’ ही घोषणा ऐकूनही जागेवरून न उठणाऱ्या डॉक्टरांविषयी फेसबुकवर अधूनमधून बरेच कडवट लिहिले जाते. मी मुंबईत फिजिशियन आहे आणि बोलावणे आले की उठतो. तरीही न उठणाऱ्यांची बाजू मला समजते, कारण त्यांच्या मनाच्या कोतेपणापेक्षा आपल्या कायद्यातील उणीव मला मोठी वाटते.

लोकलमध्ये कोणी कोसळले, तर पुढच्या स्थानकावर उतरवून घेता येते. मुंबईहून कोलकात्याला निघालेल्या विमानासाठी ते पुढचे स्थानक नागपूर असू शकते, आणि तेथे उतरायचे की नाही हे डॉक्टर नव्हे, तर कॅप्टन ठरवतो. तो हवामान पाहतो, धावपट्टी पाहतो आणि वजनही पाहतो, कारण एअरबस ए-320 सारख्या विमानाला हवेत इंधन सोडून देऊन हलके होण्याची सोय नसते. डॉक्टरने फक्त सल्ला द्यायचा असतो.

तो सल्ला कशाच्या आधारावर द्यायचा, हेही पाहावे. केबिनमधील हवेचा दाब सुमारे 6 ते 8 हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो, त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनही काहीसा उतरतो. हृदयाच्या किंवा फुफ्फुसाच्या जुन्या रुग्णाला ते सोसेलच असे नाही. इंजिनाच्या घरघरीत स्टेथोस्कोपमधून धड काही ऐकू येत नाही. म्हणून रक्तदाब मोजताना मनगटावरील नाडी बोटाखाली धरून पट्ट्यातील हवा हळूहळू सोडायची आणि नाडी पुन्हा लागेल तो वरचा आकडा मानायचा. खालचा आकडा या पद्धतीने मिळतच नाही. हे सारे चिंचोळ्या वाटेत गुडघे टेकून करायचे, आणि तेही शेजारच्या दोन-तीन मोबाइलवर चित्रीकरण चालू असताना. (त्या प्रवाशांना काय साधायचे असते, देव जाणे.)

2013 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच विमान कंपन्यांच्या सुमारे 12 हजार घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी 604 उड्डाणांमागे अशी एक घटना आढळली. सर्वाधिक प्रकरणे भोवळ येण्याची होती आणि जवळपास निम्म्या वेळा प्रवाशांपैकीच कोणी डॉक्टर मदतीला आला होता. म्हणजे ही व्यवस्था बऱ्याच अंशी अनोळखी माणसाच्या भलेपणावर चालते.

अमेरिकेने 1998 सालीच कायदा करून विमानात मदत करणाऱ्याला, घोर निष्काळजीपणाचा अपवाद ठेवून, नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आले, पण ते रस्त्यावरील अपघातापुरते. हायवेवर अपघातग्रस्ताला हात देणारा मी सुरक्षित, आणि त्याच हायवेच्या वरून उडताना तेच करणारा मी वाऱ्यावर! 1934 च्या जुन्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आला, तेव्हा एवढे एक कलम त्यात सहज बसले असते.

वकील मित्र सांगतात की भारतीय न्याय संहितेचे कलम 30 सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देतेच. ते खरे आहे. मात्र ते फौजदारी बाजूपुरते आहे. दिवाणी दावा किंवा वैद्यक परिषदेकडील तक्रार उद्या फेटाळली जाईलही, पण तोवरचे हेलपाटे, वकिलाची फी आणि बदनामी कोण भरून देणार? ही मागणी डॉक्टरांच्या संघटनांनी आणि मुंबईच्या खासदारांनी संसदेपर्यंत न्यावी, असे मला वाटते.

तोवर मी माझ्यापुरते काही नियम पाळतो. मद्य घेतले असेल तर उठत नाही, रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याची संमती घेतो, आणि किती वाजता काय आढळले व कोणते औषध किती दिले हे कागदावर लिहून त्याची एक प्रत कर्मचाऱ्यांकडे देतो.