तीन पौंडाचा ग्रेलिंग 'कुठेही मिळतो' म्हणणाऱ्यांसाठी

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांत, म्हणजे ज्यांना गळ टाकायचा नाद आहे त्यांच्यात, एक मेसेज फिरतोय आणि जो तो पुढे ढकलतोय. त्यात म्हटलंय की ब्रिटनच्या नद्यांत ग्रेलिंग नावाचा मासा सरसकट दोन-तीन पौंड वजनाचा मिळतो (एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम), छोटे लागत असतील तर नदी मेलेली आहे, थंडीत जाऊन उपयोग नाही, हा ट्राउट माशाची अंडी खातो म्हणून परत सोडू नका, आणि मोठा मिळाला की सरळ तव्यावर. मी इथे यॉर्कशायरात बरीच वर्षं वार्फ नदीवर जातोय, हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण नवीन माणूस हे वाचून नदीवर गेला तर निराश तरी होईल नाहीतर कायदा तरी मोडेल.

आधी साइजचं बघू. वार्फ, यूर असल्या उत्तरेच्या दगडगोट्यांच्या नद्यांत रोज हाताला लागतो तो ग्रेलिंग २० ते ३० सेंटिमीटरचा, म्हणजे फार तर अर्धा पौंड किंवा थोडा वर. एक पौंडाचा मिळाला की दिवस चांगला गेला. दोन पौंडाचा म्हणजे फोटो काढून घरच्यांना पाठवायचा मासा, आणि तीन पौंडाचा बघायला न मिळताच कित्येकांची अख्खी हयात जाते. दक्षिणेत डॉर्सेटची फ्रोम, वायली, टेस्ट, इचेन या खडूच्या डोंगरांतून झऱ्यांचं पाणी घेऊन येणाऱ्या नद्या आहेत, तिथे पाणी वर्षभर एकसारखं राहतं, खाणं भरपूर, म्हणून मासा भराभर वाढतो आणि मोठ्या माशांचे फोटो बहुतेक तिकडचेच असतात. तिथेही तीन पौंडाचा रोज नाही मिळत हं. अख्ख्या ब्रिटनचा रेकॉर्डच चार पौंडांच्या थोडा वर आहे, मग तीन पौंड 'सरसकट' कसे असतील?

आणि लांबी-वजनाचा हिशोब बऱ्याच जणांचा चुकतो. मासा लांबीला दुप्पट झाला की वजनाला दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतो, कारण तो जाडीला आणि उंचीलाही वाढतो. २५ सेंटिमीटरचा दीडशे ग्रॅमच्या आसपास, ५० चा सव्वा किलोच्या आसपास. म्हणजे तीन पौंडांसाठी पन्नाशी गाठावी लागते. फोटोत हात पुढे ताणून धरलेला ३५ चा मासा ५० चा दिसतो, त्यावरून वजन सांगू नका, ओल्या जाळ्यात ठेवून टेप लावा.

गळाला लागल्यावरही हा मासा फसवतो. पाठीवरचा तो शिडासारखा मोठा पर, उजेडात त्यावर तांबडे-जांभळे ठिपके चमकतात, तो पूर्ण उघडून मासा धारेत आडवा होतो आणि गोल गोल फिरायला लागतो, अख्ख्या प्रवाहाचा जोर रॉडवर येतो आणि वाटतं की काय धूड लागलंय. वर आला की पाऊण पौंड. पण ती ओढ अनुभवलेला माणूस त्याला छोटा म्हणून हिणवणार नाही.

'छोटे लागले म्हणजे नदी मेली' हे तर साफ उलटं आहे. ग्रेलिंगला थंड, स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं, घाण तो सहन करत नाही, त्यामुळे छोट्यांचा थवा दिसला म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत अंडी नीट फुटलीत. काळजी केव्हा करायची, तर नुसते मोठेच लागतात आणि पिल्लं दिसतच नाहीत तेव्हा. शिवाय हे एका वयाचे एकत्र फिरतात, एका जागी सगळे २२-२३ चेच लागत असतील तर रॉड उचला आणि खाली जरा खोल, संथ पाण्यात जा.

थंडीचं म्हणाल तर हिवाळा हाच याचा मोसम. ट्राउटची मासेमारी सप्टेंबर-ऑक्टोबरात बंद होते, ग्रेलिंगची मात्र इंग्लंडच्या नद्यांत १६ जून ते १४ मार्च चालते आणि गवतावर दंव पडलेलं असतानाही तो खातो. पण थंडीत जास्त करून तळाशी खातो, तोंडाची ठेवणच खालच्या बाजूला आहे, त्यामुळे फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) मॅगॉट म्हणजे माशीची अळी किंवा जड निंफ म्हणजे पाणकिड्याच्या पिल्लासारखा नकली गळ गोट्यांना घासत गेला पाहिजे, वरच्यावर फिरवून फारसं काही होणार नाही.

अंड्यांच्या आरोपाने या माशाचं फार नुकसान केलंय. दक्षिणेच्या नद्यांतून कित्येक दशकं ग्रेलिंग उपद्रवी म्हणून काढून टाकत होते, शेवटी १९७७ साली त्याची बाजू घ्यायला ग्रेलिंग सोसायटी उभी राहिली. ट्राउट आपली अंडी खडीत पुरतो. वाहून आलेली सुटी अंडी ग्रेलिंग खात असेल, पण तशी ती ट्राउट स्वतःही खातो आणि ती बहुतेक जगणार नसतातच. बरं, ग्रेलिंग स्वतः वसंतात अंडी घालतो, ट्राउट हिवाळ्याच्या तोंडावर, म्हणजे खडीच्या जागेवरून भांडणही नाही.

आता तवा. इंग्लंडात नियम असा की नदीतून दिवसाला जास्तीत जास्त दोन ग्रेलिंग नेता येतात, तेही ३० ते ३८ सेंटिमीटरमधलेच, आणि पाणी ज्याचं आहे त्याची परवानगी हवी, बरेच क्लब तर एकही नेऊ देत नाहीत. ३८ म्हणजे जेमतेम सव्वा पौंड. म्हणजे मेसेजमधला तो 'मोठा मिळाला की तव्यावर'वाला मासा नेणं सरळ गुन्हा आहे, मासेमारीचं लायसन्स खिशात असलं तरी!

आणि सोडताना घाई करू नका. ट्राउट लगेच पळतो, ग्रेलिंग दमतो. हात ओले करून, तोंड प्रवाहाकडे ठेवून जाळ्यातच धरून ठेवा, कल्ले नीट हलू देत, त्याने स्वतः शेपटी मारली की मगच जाळं खाली करा. लगेच सोडला तर पोट वर करून वाहत जातो, मी पाहिलंय दुसऱ्यांच्या हातून.