मामा, ते सतरा ज्वेल म्हणजे माणकं नव्हेत

परवा जिंतूरहून मामाचा फोन. "आजोबांचं घड्याळ चकाचक करून आणलं बघ. लाखाच्या वर जाईल ना आता?" मला काही कळेना. मग त्यानं ग्रुपवरचा तो मेसेज पाठवला. तुमच्याकडेही आला असेल. जुनं ऑटोमॅटिक घड्याळ घरात असेल तर तुम्ही लखपती. डायलवर लिहिलेले सतरा ज्वेल म्हणजे खरी माणकं. घड्याळ नाडीच्या ठोक्यांवर चालतं. सेकंदकाटा न अडखळता सरकला की माल अस्सल. डायल रंगवून पॉलिश मारा, भाव दुप्पट. आणि शेवटी, 999 रुपये भरा, किंमत काढून देतो.

माणकांचं आधी उरकतो. ती कृत्रिम असतात. व्हर्नई नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं 1902 मध्ये माणिक भट्टीत बनवायची रीत जाहीर केली, तेव्हापासून ती स्वस्तच झाली. चाकांच्या आसांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवतात. सतराच्या सतरा उपसून सराफाकडे न्या, चहाचे पैसे सुटले तर मला कळवा. नाडीचं तर बोलूच नये. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते. म्हशीच्या शेपटीला बांधलं तरी चालेल.

पण डायल! इथं माझं डोकं फिरलं. आजोबांचं घड्याळ सिको या जपानी कंपनीचं होतं, पण नेहमी दिसणारं साधं सिको फाइव्ह नव्हतं. सौदीहून परतलेल्या शेजाऱ्याकडून त्यांनी घेतलेलं ते बेलमॅटिक, म्हणजे गजर असलेलं ऑटोमॅटिक. दोनच्या आकड्याजवळ वेगळं बटण, आणि गजर झाला की मनगटावर रातकिडा ओरडल्यासारखं वाटायचं. आपल्याकडं असं घड्याळ क्वचितच दिसतं. ते ओळखायचं कसं, तर मागचं झाकण वाचायचं. पहिले चार आकडे मशीनचा नंबर, इथं 4006. पुढचे चार केसचे, म्हणजे बाहेरच्या धातूच्या खोक्याचे. खालच्या सिरियल नंबरात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी ही अक्षरं. आजोबांच्या घड्याळावर 1एन आहे. बेलमॅटिक 1966 मध्ये आलं, त्यामुळे 1961 बाद. नोव्हेंबर 1971.

डायलच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत डायलचाही नंबर छापलेला होता. तोही 4006 नंच सुरू व्हायचा. डायल त्याच मशीनसाठी बनलेलं, याची ती खूण. दुकानदारानं जुना रंग खरवडून वर निळाशार रंग मारला. नंबर गेला, आणि सिकोची अक्षरं लग्नपत्रिकेसारखी जाड झाली. पॉलिशनं केसच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत केल्या. घेणारा जाणकार आधी तेच बघतो. रंगवलेलं डायल दिसलं की घड्याळ खाली ठेवतो. डाग पडलेलं जुनं डायल त्याला चालतं. दुप्पट कसला, होता तो भावही गेला. आणि तो लाखात नव्हताच. न छेडलेलं, चालू बेलमॅटिक काही हजारांना, फार तर काही दहा हजारांना जातं. तेही विकल्या गेलेल्या घड्याळांचा भाव धरला तर. मागितलेला भाव कुणीही कितीही लिहितो.

सेकंदकाट्याचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य. सेलवरच्या घड्याळाचा काटा सहसा सेकंदाला एकदा उडी मारतो. तासाला 21,600 ठोक्यांचं मशीन सेकंदाला सहा बारीक पावलं टाकतं, म्हणून काटा सरकल्यासारखा दिसतो. पण नकली घड्याळातही स्वस्त ऑटोमॅटिक मशीन घालतात, त्याचाही काटा तसाच सरकतो. अस्सल ठरवायला ते पुरत नाही.

राहिले ते 999 रुपये. जुन्या नाण्या-नोटांच्या नावानं असंच आधी शुल्क उकळलं जात होतं, आणि ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला त्यावर जाहीर इशारा द्यावा लागला. इथं नाण्याच्या जागी घड्याळ आलं, एवढंच. मामा भरायलाच बसला होता. पैसे वाचले, कारण त्या दिवशी गावात सकाळपासून लाइट नव्हती आणि त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली होती.